बाया तारखा का चुकवतात

“सरकारनं सगळं फुकट करून ठेवलंय. तपासणी फुकट, गोळ्या फुकट, सोनोग्राफी फुकट, बाळंतपण फुकट, घरी सोडायला गाडीसुद्धा फुकट. तरी या बाया नाव उशिरा नोंदवतात, गोळ्या उकिरड्यावर टाकतात, तारखा चुकवतात आणि कळा सुरू झाल्या की आमच्या दारात येऊन पडतात. काही बरं-वाईट झालं की खापर डॉक्टरांच्या डोक्यावर.”

हे म्हणणं एका निवृत्त सरकारी डॉक्टरांचं. माता-आरोग्यावरच्या एका जाहीर व्याख्यानात त्यांनी ते मांडलं आणि सभागृहानं टाळ्या वाजवल्या. त्यांचं नाव घेण्याचं कारण नाही, कारण हे मत त्यांच्या एकट्याचं नाही. केसपेपरच्या खिडकीपासून जिल्ह्याच्या आढावा बैठकीपर्यंत ते ऐकू येतं, आणि ज्यांनी सरकारी दवाखान्याची पायरी कधी चढलेली नाही त्यांच्या दिवाणखान्यातही. डॉक्टरांनी उमेदीची वर्षं ग्रामीण रुग्णालयांत काढली, अपरात्री उठून बाळंतपणं केली, याबद्दल माझ्या मनात आदर आहे. पण त्यांचं निदान चुकलेलं आहे. चुकीच्या निदानावर टाळ्या पडत राहिल्या तर उपचारही चुकतच राहणार, म्हणून हे लिहिते आहे.

माझी दोन्ही बाळंतपणं सरकारी रुग्णालयात झाली. दोन्ही वेळा महिनोन्‌महिने त्या बाकावर बसले, ते कार्ड सांभाळलं, त्या गोळ्या घेतल्या. तिथे मला चांगले डॉक्टर भेटले, हाताला गुण असलेल्या सिस्टर भेटल्या. त्यामुळे हा लेख सरकारी दवाखान्याला नावं ठेवणारा नाही. तिथे येणाऱ्या बाईवर जो ठपका ठेवला जातो, त्याला हे उत्तर आहे.

आधी फुकटचा हिशेब मांडू. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम 2011 साली आला आणि सरकारी रुग्णालयातलं बाळंतपण, सिझर, औषधं, तपासण्या, रक्त, दाखल असतानाचं जेवण हे सगळं विनाशुल्क झालं. महाराष्ट्रात 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचारांचे पैसेच घेतले जात नाहीत. ही मोठी गोष्ट आहे आणि ती कुणी कमी लेखू नये. पण या कार्यक्रमातली गाडी बाळंतपणासाठी, नाहीतर काही गुंतागुंत झाली तर मिळते. दर महिन्याच्या तपासणीला जायचं-यायचं भाडं बाईच्या पदरचं. आणि भाड्यापेक्षा मोठा खर्च असतो बुडालेल्या रोजाचा.

मी जात होते तिथे गरोदर बायांच्या तपासणीचा वार ठरलेला होता. वाडीवरून पहिल्या एसटीनं निघालेली बाई ओपीडी उघडायच्या आधीच केसपेपरच्या रांगेत उभी असायची. मग वजन, बीपी, कार्डावर नोंद. मग रक्ताची रांग, लघवीच्या डबीची रांग. रिपोर्ट मिळायचे दुपारी, आणि ओपीडी उठायची साडेबाराला. म्हणजे आज दिलेल्या रक्ताचा रिपोर्ट डॉक्टरांना दाखवायला पुढच्या आठवड्यात परत यायचं. सोनोग्राफीचे डॉक्टर बाहेरून यायचे, ठरलेल्या दिवशी, आणि तो दिवस तपासणीचा नसायचा. कार्डावर एका तपासणीची एक नोंद होते. बाईचे तिच्यासाठी तीन हेलपाटे झालेले असतात.

एक प्रसंग अगदी शेजारी बसून पाहिलेला आहे. साखरेच्या तपासणीसाठी 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून प्यायचं आणि दोन तासांनी रक्त द्यायचं असतं. माझ्या बाजूच्या बाईनं घरून आणलेल्या स्टीलच्या पेल्यात ते घेतलं. सहावा महिना, कडेवर दोन वर्षांचं पोर, सकाळपासून पोटात फक्त चहा-खारी. अर्धा पेला प्याली, थांबली, पदरानं तोंड पुसलं आणि उरलेलं एका दमात संपवलं. थोड्या वेळानं व्हरांड्याच्या कठड्याला धरून तिनं सगळं ओकून टाकलं. सिस्टरनं घड्याळ पाहिलं. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर तपासणी धरत नाहीत, दुसऱ्या दिवशी पुन्हा करावी लागते. नियम तसाच आहे आणि सिस्टरनं तो बरोबर सांगितला.

“उद्या कांदा काढायला जायचंय, ताई. उचल घेतलीय.”

“मग बाळाला काही झालं तर आम्हाला विचारायला येऊ नको.”

बाईनं पेला धुतला, पिशवीत टाकला, पोराला उचललं आणि गेली. उचल घेतलेल्या बाईला दुसऱ्या दिवशी येणं किती शक्य होतं, ते वाचणाऱ्यानंच ठरवावं. रजिस्टरमध्ये मात्र अशा वेळी एकच शब्द पडतो: गैरहजर. जिल्ह्याच्या बैठकीत तो शब्द पोचतो तेव्हा त्यातली उलटी, कांदा आणि उचल गळून गेलेली असते आणि उरते ती बाईची बेफिकिरी. व्याख्यानातल्या डॉक्टरांनी जी बेफिकिरी पाहिली ती त्यांनी रजिस्टरात पाहिली.

याच देशात 2017 साली संघटित क्षेत्रातल्या बाईची पगारी बाळंतपणाची रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवडे झाली. चांगलंच झालं. कांदा काढणाऱ्या बाईसाठी काय आहे? अन्न सुरक्षा कायदा 2013 चा. त्याच्या चौथ्या कलमात गरोदर आणि स्तनदा मातेला किमान 6000 रुपये देण्याचं लिहिलेलं आहे. प्रधानमंत्री मातृ वंदना योजना आली ती पहिल्या बाळापुरते 5000 रुपये घेऊन, तेही हप्त्यांनी. दुसऱ्या खेपेला पैसे आहेत ते मुलगी झाली तरच. महाराष्ट्रात 2025-26 साठी रोजगार हमीचा रोज 312 रुपये धरला आहे. त्या दरानं 5000 रुपये म्हणजे सोळा दिवसांची मजुरी. त्यात नऊ महिन्यांच्या तपासण्या, बाळंतपण आणि अंगावर पाजण्याचे पहिले महिने बसवायचे. पैसे खात्यात यायला आधारवरचं नाव, बँकेतलं नाव आणि कार्डावरचं नाव जुळावं लागतं. लग्नाला वर्ष झालेल्या पोरीची ही तिन्ही नावं क्वचितच जुळतात. पगारी रजेवर बसून तारखा पाळणारीनं रोज बुडवून तारखा पाळणारीला शिस्त शिकवावी, हे मला पटत नाही.

आता नाव उशिरा नोंदवण्याबद्दल. दिवस गेल्याचं तीन महिने कुणाला सांगायचं नाही, ही आपल्याकडची जुनी समजूत आहे आणि ती अजून आहे, हे मान्य. पण तेवढ्यावर सगळं ढकलून चालणार नाही. दोन मुलींवर तिसऱ्यांदा दिवस गेलेल्या बाईला खिडकीशी काय ऐकावं लागतं ते मी ऐकलं आहे. “अजून किती?” हा प्रश्न चारचौघांत, मोठ्यानं, तिच्या सासूसमोर विचारला गेला. तिनं मान खाली घातली आणि आधारची झेरॉक्स पुढे सरकवली. ही बाई पुढच्या खेपेला तिसऱ्या महिन्यात येईल की सातव्या? माझ्याशी त्याच खिडकीतला सूर निराळा होता, कारण माझ्या हातात पर्स होती आणि मी खुर्ची मागितली होती. आपल्यासारख्या बायकांना सरकारी दवाखाना जसा भेटतो तसा तो सगळ्यांना भेटतो असं मानणं ही मध्यमवर्गाची मोठी चूक आहे.

बायांना आपल्या शरीराचं अज्ञान आहे, असंही डॉक्टर म्हणाले. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या 650 स्त्रिया तपासल्या आणि 1989 साली ते निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले. 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता, आणि आधी कधी तपासणी झालेल्या जेमतेम 8 टक्के. त्या बाया अंगावरचं दुखणं ओळखून होत्या. कुणी विचारलंच नव्हतं. कुणीतरी गावात जाऊन, आडोसा करून, त्यांच्या भाषेत विचारल्यावर त्या बोलल्या आणि तपासून घ्यायला पुढेही आल्या. माणसं तीच, गाव तेच. बदलली ती विचारणाऱ्याची रीत. याला साडेतीन दशकं उलटली, तरी अज्ञानाचा शिक्का काही हातातून सुटत नाही.

गोळ्यांच्या मुद्द्याला सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या, म्हणून तिथे थोडं थांबते. चौथ्या महिन्यापासून रोज एक लोहाची, अशा 180, आणि कॅल्शियमच्या रोज दोन, अशा 360 गोळ्या प्रत्येकीला दिल्या जातात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019-21 मध्ये, देशात 180 दिवस लोहाच्या गोळ्या घेतलेल्या मातांचं प्रमाण 26 टक्के निघालं. गरोदर स्त्रियांमधला रक्तक्षय 52 टक्के. आधीच्या फेरीत तो 50 होता. म्हणजे गोळ्या वाटून झाल्या, रकाने भरले आणि रक्त काही वाढलं नाही. चारांतल्या तिघी गोळ्या पुऱ्या करत नसतील तर त्या तिघींना बेजबाबदार ठरवून डॉक्टरला मोकळं होता येत नाही. शाळेतल्या चारांतली तीन पोरं नापास झाली तर आपण मास्तरांना विचारतोच की नाही?

लाल गोळीनं मळमळतं. शी काळी होते, पोट बांधल्यासारखं होतं. काळी शी पाहून बाई घाबरते आणि गोळी बंद करते. सासू म्हणते, उष्ण पडतंय. ही शी लोहामुळे होते, त्यानं काही अपाय नाही, एवढं एक वाक्य तिला कुणी सांगितलेलं नसतं. चहासोबत गोळी घेतली तर लोह अंगी लागत नाही, आणि आपल्याकडे गोळी आठवते ती चहाच्या वेळी. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेतलं तर कॅल्शियम लोहाला शोषू देत नाही, दोन्हींत निदान दोन तासांचं अंतर हवं. रात्री जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी होते. लिंबू पिळलेलं वरण किंवा आवळ्याची फोड असेल तर उत्तम. मला पहिल्या खेपेला औषधाच्या खिडकीतून गोळ्या मिळाल्या त्या कागदी पुडीत, आणि सोबत एक वाक्य: “लाल एक, पांढऱ्या दोन.” मी शिकलेली, घरी विचारायला माणसं असलेली, तरी मीही तिन्ही एकदम गिळत होते. दुसऱ्या खेपेला उपकेंद्रातल्या सिस्टरनं कार्डाच्या मागच्या बाजूला एक चंद्र आणि दोन सूर्य काढून दिले. लाल गोळीपुढे चंद्र, पांढरीपुढे सूर्य. “काळी झाली तर घाबरायचं नाही,” म्हणाली. याला किती वेळ लागला? दोन मिनिटंही नाहीत. माझ्यासोबत त्या दिवशी बसलेल्या बाईला वाचता येत नव्हतं. तिनं ते चित्र बोटानं गिरवून पाहिलं आणि पुढच्या महिन्यात रिकामी पाकिटं दाखवायला घेऊन आली.

उकिरड्यावर पडलेल्या गोळ्या डॉक्टरांना दिसल्या, हे खरंच असेल. त्या तिथे का गेल्या हे विचारायचं काम दवाखान्याचं होतं.

तारखा बायाच चुकवतात असं नाही, रुग्णालयंही चुकवतात. बाळाच्या अवयवांची रचना पाहणारी सोनोग्राफी 18 ते 20 आठवड्यांच्या सुमारास व्हायला हवी. मणक्यात, हृदयात, मेंदूत काही गंभीर दोष असेल तर तो तेव्हा दिसतो, आणि पुढे काय करायचं हे ठरवायला आई-बापाला वेळ मिळतो. गर्भपाताच्या कायद्यात 2021 साली सुधारणा झाली. 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. त्यानंतर 24 आठवड्यांपर्यंत काही ठरावीक गटांतल्या स्त्रियांना, दोन डॉक्टरांच्या मतानं. त्यापुढे गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळापुढे जावं लागतं. म्हणजे या सोनोग्राफीत एकेक आठवडा मोलाचा. आमच्याकडे यंत्र होतं, पण सोनोग्राफी करायचा कायदेशीर अधिकार असलेला डॉक्टर रोज नव्हता. गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यानं तो अधिकार मोजक्यांनाच दिलाय आणि तो कायदा हवाच. पण त्याचा परिणाम असा की अठराव्या आठवड्यात रांगेत उभ्या राहिलेल्या बाईला तारीख मिळायची ती चोविसाव्या आठवड्याच्या पुढची. तिनं विचारलं की बाहेरून करून घ्या, एवढंच उत्तर. बाहेर त्याला हजारांत पैसे लागतात. कुणाच्या रजिस्टरमध्ये या उशिरापुढे लाल शेरा पडत नाही. गरोदर बाई एक महिना चुकली तर ती बेफिकीर, आणि रुग्णालय दीड महिना चुकलं तर तो मनुष्यबळाचा प्रश्न.

यातली एक गोष्ट तर शासकीय आराखडे करणाऱ्यांच्या गावीही नाही: आपल्याकडे बाई बाळंतपणाला माहेरी जाते. सातव्या-आठव्या महिन्यात, ओटी भरून झाली की ती दुसऱ्या तालुक्यात, बरेचदा दुसऱ्या जिल्ह्यात जाते. हे शेकडो वर्षांचं आहे आणि प्रत्येक सिस्टरला, डॉक्टरला ते स्वतःच्या घरातून माहीत आहे. तरी माहेरच्या रुग्णालयात पाऊल टाकल्यावर पहिला प्रश्न येतो, “नाव कुठं घातलंय? मग तिथंच जायचं ना.” सासरकडची आशाताई तिला ‘गाव सोडून गेली’ म्हणून रकाना बंद करते, माहेरकडच्या आशाताईच्या यादीत ती नसते. नोंदणीच्या वेळी मिळणाऱ्या आरसीएच क्रमांकानं बाईची माहिती कुठेही दिसावी अशी सोय कागदावर आहे. प्रत्यक्षात सगळा इतिहास त्या एका कार्डावर अवलंबून असतो, आणि कार्डावरचं अक्षर लागलं नाही तर सगळ्या तपासण्या पहिल्यापासून. गरोदरपणाचे सर्वांत धोक्याचे शेवटचे दोन महिने ती अशी दोन दवाखान्यांच्या मध्ये लोंबकळते, नि त्याच दोन महिन्यांत तिच्या तारखा चुकतात.

ऊसतोडीला गेलेल्या बाईचं तर विचारूच नका. बीडकडच्या वस्त्यांवरून दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात त्या सांगली, कोल्हापूर, पार कर्नाटकापर्यंत, आणि परततात उन्हाळ्यात. कोयता नवरा-बायकोचा मिळून मोजला जातो. एक दिवस खाडा झाला तर दंड. फडापासून तपासणीचं ठिकाण किती लांब, तिथला वार कोणता, हे तिला सांगणार कोण? मुकादम? दिल्ली उच्च न्यायालयानं 2010 साली लक्ष्मी मंडल खटल्यात मातेच्या आरोग्याचा हक्क जगण्याच्या हक्कातच येतो असं सांगितलं, आणि तिथेही प्रश्न कागदपत्रांवरून, गाव सोडून आलेल्या बाईला सेवा नाकारण्याचाच होता. बाई जिथे आहे तिथे तिची तपासणी व्हायला हवी. ती आपल्या कार्यक्षेत्रातली नाही हे उत्तर होऊ शकत नाही.

यावर एक ठरलेला जबाब येतो: एवढं वाईट असतं तर आकडे कसे सुधारले? महाराष्ट्रात 2001-03 मध्ये एक लाख जिवंत जन्मांमागे 149 माता दगावत होत्या. 2018-20 मध्ये ते प्रमाण 33 वर आलं, तेव्हा देशाचं होतं 97. हे यश खरं आहे आणि त्यात सरकारी रुग्णालयांचा, आशाताईंचा, 2014 पासून धावणाऱ्या 108 च्या गाड्यांचा वाटा आहे. पण विचार करा, हा आकडा कुणामुळे खाली आला? रोज बुडवून, पोर कडेवर घेऊन, ओरडा खाऊन तरीही दवाखान्यात आलेल्या बायांमुळेही आला. ज्यांच्या येण्यावर हे यश उभं आहे त्यांनाच बेफिकीर म्हणायचं, हे न्यायाचं नाही. शिवाय मृत्यू टळला एवढ्यानं काळजी घेतली गेली असं होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2016 साली गरोदरपणातल्या तपासण्या चारांवरून आठ करायला सांगितल्या, तेव्हा त्या मार्गदर्शनाच्या शीर्षकातच बाईचा अनुभव चांगला असण्याचा उल्लेख केला. बाईशी कसं बोललं जातं हा त्यांनी उपचाराचाच भाग धरला.

तो उपचाराचाच भाग आहे हे मी माझ्या अंगावर अनुभवलं आहे. दुसऱ्या खेपेला आठव्या महिन्यात माझं डोकं ठणकत होतं, बांगड्या हातात रुतत होत्या. तपासणीच्या टेबलाशी मी ते सांगितलं. “या दिवसांत डोकं दुखतंच, चला, पुढची.” मी निघालेही होते. दाराजवळ बीपी घेणाऱ्या दुसऱ्या सिस्टरनं माझ्या बोटांकडे पाहिलं, बसवलं, पुन्हा बीपी घेतलं, आणि मग लघवी तपासली. बीपी वाढलेलं होतं, लघवीतून प्रथिनं जात होती. त्याच दिवशी मला दाखल करून घेतलं. डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, अंगावर सूज ही धोक्याची लक्षणं म्हणून दवाखान्याच्या भिंतीवरच्या तक्त्यात रंगवलेली असतात. पण तक्त्याखाली बसलेली बाई ती लक्षणं तोंडानं सांगते तेव्हा ऐकून घेणारं माणूस लागतं. एकदा ‘चला, पुढची’ ऐकलेली बाई पुन्हा सांगत नाही. मग ती झटके यायला लागल्यावरच येते, आणि त्यालाच आपण कळा देत दारात येऊन पडणं म्हणतो.

मग खासगीत जा, असं सांगणाऱ्यांसाठी फार शब्द खर्च करत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या त्याच पाचव्या फेरीत खासगी रुग्णालयांतल्या बाळंतपणांत सिझरचं प्रमाण 47.4 टक्के होतं, सरकारीत 14.3. गुंतागुंतीच्या बाया खासगीतच जास्त जातात असं तर नाही. उलट अवघड झालेली बाई शेवटी सरकारी मोठ्या रुग्णालयातच पाठवली जाते. गोड बोलणं आणि वातानुकूलित खोली याची किंमत पोटावरच्या टाक्यांनी आणि कर्जानं मोजायची असेल तर तो मार्ग माझ्या वाडीवरच्या मैत्रिणींसाठी नाही. त्यांना हेच रुग्णालय नीट करून हवं आहे.

आणि सिस्टरवर किती ताण असतो? खूप असतो. कंत्राटी नेमणूक, अडकलेला पगार, दोघींचं काम एकीकडे, रजिस्टरांचा ढीग आणि वर ऑनलाइन नोंदी. माझ्यासाठी चंद्र-सूर्य काढणारी आणि माझ्या बोटांकडे पाहणारी, दोघी याच ताणाखाली काम करत होत्या. तेव्हा ताणाचा प्रश्न शासनाला विचारा. मी विचारायला तुमच्यासोबत येते. पण त्या ताणाचा राग रांगेतल्या सगळ्यात दुबळ्या बाईवर निघतो, आणि मग व्याख्यानांतून त्याला शास्त्राचा आधार दिला जातो, हे थांबलं पाहिजे.

काय करता येईल, हेही सांगते, कारण यातल्या बऱ्याच गोष्टींना नवी इमारत लागत नाही. दर महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाचं शिबिर असतं. 2016 पासून आहे. त्या दिवशी रक्त, रिपोर्ट, सोनोग्राफी आणि डॉक्टर एकाच दिवसात मिळतील अशी सोय काही ठिकाणी होते. जे महिन्यात एकदा जमतं ते आठवड्यात एकदा का जमू नये? गरोदर बायांच्या वाराला ओपीडी रिपोर्ट येईपर्यंत चालू ठेवता येईल. आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून गरोदर बाईला एक वेळचं गरम जेवण मिळतं. साखरेच्या तपासणीला दोन-दोन तास बसणाऱ्या बाईला दवाखान्यात खिचडीची एक वाटी देणं त्याहून अवघड नाही. बाळंतपणाच्या खोलीत सोबतीला एक बाई असू शकते, असं केंद्र सरकारनं 2016 च्या फेब्रुवारीत सांगितलं. ते दवाखान्यात येणाऱ्या कितीजणींना माहीत आहे? दर्शनी भिंतीवर मराठीत लिहून लावा. माहेरी आलेल्या बाईचं नाव विनाप्रश्न घ्या आणि सासरच्या आशाताईला फोन करायचं काम दवाखान्यानं करावं, बाईनं नव्हे.

आणि रजिस्टरमध्ये एक रकाना वाढवा. ‘गैरहजर’ लिहिलं की त्याच्या शेजारी, बाई पुढच्या वेळी येईल तेव्हा तिला विचारून, तिच्याच शब्दांत कारण लिहायचं: कांदा काढायला गेले होते, गाडी चुकली, मागच्या वेळी बोलणी खाल्ली, माहेरी होते, सोनोग्राफीची तारीखच नव्हती. जिल्ह्याच्या आढावा बैठकीत हजेरीच्या टक्केवारीसोबत तो रकाना मोठ्यानं वाचला जावा. वर्षभर तो वाचून झाल्यावर डॉक्टरांनी पुन्हा त्याच सभागृहात व्याख्यान द्यावं. तेव्हा त्यांचं म्हणणं ऐकायला मी पहिल्या रांगेत बसेन, आणि प्रश्नही विचारेन.